जहाजावरच पुढची क्रूझ बुक करावी का? लॉयल्टीच्या फायद्यांची खरी किंमत किती?

गोदाकाठची

क्रूझच्या शेवटच्या दोन दिवसांत जहाजावरच्या एका टेबलापुढे गर्दी दिसायला लागते. पुढची क्रूझ तिथेच नोंदवून घेण्याची ती सोय असते. रॉयल कॅरिबियनवर तिला 'नेक्स्टक्रूझ' म्हणतात, इतर कंपन्यांत नाव वेगळं. तुम्ही उतरायच्या आत पुढच्या प्रवासाचं डिपॉझिट घेणं हे तिचं काम. दिवाळीत आणि मे महिन्यात सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर आपली मराठी कुटुंबं भरपूर असतात, त्यातली बरीच पहिल्यांदाच आलेली. पोरं खुशीत असतात, घरचे म्हणतात 'करून टाकू', आणि निर्णय दहा मिनिटांत घ्यायचा असतो. नाशिकच्या ओळखीपाळखीतून मला हाच प्रश्न सारखा येतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. परत जायचं नक्की असेल आणि डिपॉझिट परत मिळणारं असेल, तर जहाजावर बुक करण्यात फायदा आहे, जरूर करा. पण 'पॉइंट वाढतील, वरची पातळी मिळेल' एवढ्यासाठी एक रुपयाही गुंतवू नका.

जहाजावर बुक केल्याबद्दल मुख्यतः मिळतं ते ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे पुढच्या प्रवासात तुमच्या खात्यावर आधीच जमा असलेले काही डॉलर. रॉयलमध्ये ही रक्कम रात्री किती आणि केबिन कोणती यावर ठरते. ती केबिनमागे असते, माणशी नसते, हे नीट विचारून घ्या. एका केबिनमध्ये दोघं असा की चौघं, रक्कम तीच. प्रवास संपेपर्यंत वापरलं नाही तर असं क्रेडिट बहुतेक ठिकाणी बुडतं.

प्रिन्सेस या क्रूझ कंपनीची पद्धत मला सगळ्यात सरळ वाटते. माणशी १०० डॉलर ठेवायचे, जहाज आणि तारीख नंतर ठरवायची, दोन वर्षांत वापरले नाहीत तर पैसे परत. घरात म्हातारी माणसं असतील, मुलांची दहावी-बारावी असेल, तर असंच डिपॉझिट हवं.

रॉयलमध्ये भाड्याचे दोन प्रकार पुढे ठेवतात. परत न मिळणाऱ्या डिपॉझिटवर भाडं कमी दिसतं. पण पुढे जहाज किंवा तारीख बदलायची म्हटलं तर माणशी १०० डॉलर कापले जातात. चौघांचे झाले ४००, म्हणजे मिळालेलं क्रेडिट गेलं आणि वर पदरचे गेले. स्वीटचं, म्हणजे मोठ्या महागड्या केबिनचं, डिपॉझिट तर परत न मिळणारंच असतं. फॉर्मवर सही करण्याआधी 'रिफंडेबल आहे का' एवढा एक प्रश्न तोंडाने विचारा आणि उत्तर कागदावर दाखवा म्हणा.

आता लॉयल्टी, म्हणजे परत परत येणाऱ्यांना पॉइंट आणि पातळ्या देणारी कंपनीची योजना. रॉयलच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत साध्या केबिनमध्ये एका रात्रीला एक पॉइंट मिळतो, स्वीटमध्ये दोन. ३ पॉइंटला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. खरे फायदे डायमंडपासून सुरू होतात. आपण साधारण चार रात्रींची सिंगापूर क्रूझ करतो. दरवर्षी न चुकता केली तरी डायमंडला २० वर्षं लागतात. आज तिशीत असलेला माणूस पन्नाशीत पोहोचेल! आणि डायमंडला सगळ्यात गाजतो तो फायदा म्हणजे रोजची चार ड्रिंक व्हाउचर. ज्या घरात कोणी पीत नाही तिथे त्यांची किंमत काय? मॉकटेल आणि सोड्याला चालतात, पण मॉकटेलसाठी कोणी २० वर्षं थांबत नाही.

कोणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा.

सातपूरवाला

ताई, छान मांडलंत. क्रेडिटबद्दल एक भर घालतो. लोक ते स्पा नाहीतर फोटोंवर उडवतात. मी ते ग्रॅच्युइटीत, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या रोजच्या टिपेत वळवतो. रॉयलवर साध्या केबिनला माणशी रोजचे १८.५० डॉलर लागतात. चार माणसं, सात रात्री म्हटलं तर ५१८ डॉलर. हा खर्च टळणारा नाही. तो आधीच भरून टाकला नसेल तर जहाजावरचं क्रेडिट त्यातून आपोआप वळतं होतं. असं वापरलं तरच क्रेडिट म्हणजे खरे पैसे, नाहीतर जास्त खर्च करायला लावणारी सवलत.

दुसरी गोष्ट कार्डाची. डिपॉझिट डॉलरमध्ये जातं. आपल्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचा ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ४०० डॉलरवर साडेसोळा डॉलर असेच जातात. मार्कअप नसलेलं कार्ड मिळतं, ते जवळ ठेवूनच जहाजावर चढा.

आणि रुपयाचं विसरू नका. २०२५ च्या सुरुवातीला डॉलर ८६ च्या आसपास होता, डिसेंबरात ९० च्या वर गेला. वर्षभर आधी बुक करून चार हजार डॉलर भरायचे बाकी ठेवले असतील तर सोळा हजार रुपये जास्त मोजावे लागतात. शंभर डॉलरचं क्रेडिट त्यात कुठल्या कुठे विरून जातं.

नाशिकरोडकर

सातपूरवाला, डॉलरचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. नंतर बुक केलं असतं तरी पैसे डॉलरमध्येच भरायचे होते. म्हणून तो जहाजावरच्या बुकिंगचा तोटा धरता येत नाही. उलट आधी बुक केल्यावर भाडं डॉलरमध्ये तरी गोठतं. शाळेच्या सुट्टीतल्या तारखांना ते पुढे वाढतच जातं.

आता गोदाकाठची ताईंच्या मुख्य मुद्द्याबद्दल. आम्ही दोघं निवृत्त आहोत, वेळ आहे, आणि लांब पल्ल्याच्या क्रूझ करतो. आमच्यासाठी लॉयल्टीचं गणित निराळं आहे. प्रिन्सेसच्या कॅप्टन्स सर्कलमध्ये एलिट पातळी १५ क्रूझ किंवा १५० दिवसांना मिळते. एलिटला कपडे धुऊन मिळतात. हे वाचून तरुण मंडळी हसतील, पण दोन-तीन आठवड्यांच्या प्रवासात सत्तरीतल्या माणसाला याची फार मोठी मदत होते. बॅग अर्धी होते. विमानात कमी वजन, टॅक्सीत चढवणं-उतरवणं सोपं, गुडघ्यांना आराम. चढताना वेगळी रांग मिळते तीही तशीच. तासभर उभं राहावं लागत नाही, याची किंमत डॉलरमध्ये कशी मांडणार?

म्हणून मी म्हणेन, लॉयल्टीचे फायदे वयाप्रमाणे बघा. चार रात्रींच्या सहलीवाल्यांना ते नकोत हे मान्य. पण जे वर्षातून महिनाभर समुद्रावर असतात त्यांनी एकच कंपनी धरावी.

गोदाकाठची

काका, तुमचं म्हणणं पटतं, कपड्यांचा मुद्दा तर मनापासून. फक्त तुम्ही प्रवास आवडतो म्हणून केलात आणि पातळी मागाहून आली. मी सावध करतेय ते उलट क्रमाला. पातळीसाठी प्रवास वाढवणारी माणसं मी पाहिली आहेत.

काळाराम_चौक

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पैसे कोणाकडे अडकतात याची. क्रूझ कंपन्या बंद पडतात, हे आपल्याकडचे लोक लवकर विसरले. जलेश क्रूझेस आठवते का? २०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून 'कर्णिका' जहाज घेऊन सुरू झाली, मोठा गाजावाजा झाला. कोविडमध्ये जहाज उभं राहिलं, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कंपनी बंद झाली आणि कर्णिका अलंगला तोडायला गेलं. त्यानंतर जेंटिंग हाँगकाँग. ड्रीम क्रूझेस त्यांची. २०२२ च्या जानेवारीत त्यांनी कंपनी गुंडाळण्यासाठी अर्ज केला. जेंटिंग ड्रीम जहाज त्याच वर्षी सिंगापूरहून परत धावू लागलं, पण रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या कंपनीखाली.

जहाज तेच राहतं, कंपनी बदलते, आणि पॉइंट असतात ते कंपनीकडे. मुंबईहून क्रूझ चालवणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' बघा. १९९० चं ते जहाज आधी रॉयल कॅरिबियनचंच होतं. रॉयलचे डायमंड असलेले लोक त्यावर चढले तर त्यांना डायमंड म्हणून कोणी ओळखणार नाही.

कंपनी भक्कम असली तरी नियम बदलतातच. कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांची योजना यापुढे प्रवासाच्या दिवसांवर नाही, खर्च किती केला यावर चालणार. वर्षानुवर्षं स्वस्त केबिनमधून दिवस साठवणाऱ्यांना काय वाटलं असेल? म्हणून मी डिपॉझिट ठेवतो ते एवढंच की बुडालं तरी घरात भांडण होणार नाही. भविष्यातल्या फायद्यांच्या जोरावर तर कधीच नाही.

इंदिरानगरची_आई

एक शंका आहे. आमची मुलं आठवीत आणि चौथीत आहेत. मुलांचे पॉइंट वेगळे धरतात की आमच्यातच? आणि ज्यांना दोन-तीन वर्षांतून एकदाच जमतं त्यांनी ही सभासदत्वं घ्यायचीच नाहीत का?

गोदाकाठची

ताई, सभासदत्व जरूर घ्या. ते फुकट असतं, रॉयलमध्ये पॉइंट बुडत नाहीत, आणि सभासदांसाठीच्या सवलतींच्या मेल येतात. माझा विरोध आहे तो पॉइंटसाठी जास्तीचे पैसे घालायला. रॉयलमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना आई-वडिलांची पातळी मिळते. एकाच पत्त्यावर राहणाऱ्या नवरा-बायकोतही ज्याची पातळी वरची ती दोघांना लागू होते. मात्र पॉइंटांची बेरीज करून पुढची पातळी मिळत नाही. बुकिंग करताना दर वेळी प्रत्येकाचा सभासद क्रमांक टाकला आहे ना, हे बघा. एजंटकडून राहून जातो आणि मग मागे लागावं लागतं.

अजून एक, रॉयल, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी एकाच समूहातल्या आहेत. एकीकडची पातळी आता दुसरीकडे समकक्ष धरतात. एमएससी ही क्रूझ कंपनी तर दुसऱ्या कंपन्यांची पातळी पाहून स्वतःची देते. म्हणजे एका कंपनीशी बांधून राहायचं कारण आणखी कमी झालं.

तिकीटखिडकी

मी नाशिकमध्येच बुकिंगचं काम करतो, त्यामुळे माझा स्वार्थ आहे हे धरून वाचा. जहाजावर केलेलं बुकिंग एजंटकडे वळवता येतं. त्याची मुदत असते, म्हणून परतल्यावर लगेच कळवा. आधीच्या प्रवासात एजंटाचं नाव असेल तर जहाजावरचे लोक विचारतात, तेव्हाच सांगितलंत तर सगळ्यात सोपं. क्रेडिट तुमचंच राहतं.

याचा उपयोग काय? भाडं उतरलं तर. शेवटचे पैसे भरायची तारीख प्रवासाच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी असते. तोवर भाडं कमी झालं तर बऱ्याचदा नव्या भाड्यात बसवून घेता येतं. पण कंपनी स्वतःहून फोन करत नाही, कोणीतरी लक्ष ठेवावं लागतं. तुम्ही स्वतः ठेवणार असाल तर एजंट नसला तरी चालेल. महिन्यातून एकदा तीच तारीख आणि तीच केबिन उघडून बघायची, एवढंच काम आहे.

टीसीएसबद्दल, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा करायच्या आयकराबद्दल, सगळे विचारतात. आमच्याकडून परदेशी टूर पॅकेज म्हणून घेतलं की तो लागतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. तो खर्च समजू नका, पण तेवढे पैसे काही महिने अडकतात हे धरून चाला.

द्राक्षबाग

पिंपळगावकडचा द्राक्ष बागायतदार आहे. तुम्ही सगळे वर्षभर आधीची तारीख कशी ठरवता हो? आमची खरड छाटणी एप्रिलात, गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि जानेवारी ते मार्च माल काढणी. त्या काळात घरचं लग्न असलं तरी बागेतून पाय निघत नाही. जून मध्यापासून ऑगस्टपर्यंत काय ती उसंत, तीही पावसाने साथ दिली तर. बायकोला समुद्र बघायचाय, मोठ्या जहाजावर जायचंय. मुंबईची क्रूझ आधी करून बघावी असं मनात आहे.

इंदिरानगरची_आई

दादा, तुमची उसंत जूनपासून, आमच्या शाळा त्याच सुमारास उघडतात! पण त्याचा तुम्हाला फायदा आहे. आपल्याकडच्या शाळा सुरू झाल्या की सिंगापूरच्या क्रूझवरची आपली गर्दी कमी होते.

गोदाकाठची

दादा, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे. शेतीवाल्या घरांसाठी वेगळा विचार करायला हवा, म्हणून जरा लांब लिहिते.

मुंबईची क्रूझ पहिली म्हणून उत्तम. पंचवटी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. तिथलं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं. व्हिसा नाही, डॉलर नाही, आणि बायकोला समुद्र मानवतो का ते दोन-तीन रात्रींत कळतं. पण तुमच्या महिन्यांची अडचण आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि कॉर्डेलियाचं जहाज याआधीच्या पावसाळ्यांत चेन्नईहून चाललं आहे. तुम्हाला मुंबईहून जायचं तर मे महिन्यात, खरड छाटणीनंतर फुटी जरा मार्गी लागल्यावर चार दिवस काढता आले तर बघा. नाहीतर थेट जुलैमध्ये सिंगापूर.

आणि तुम्ही जहाजावर परत न मिळणारं डिपॉझिट कधीच भरू नका. गारपीट झाली, बाजार पडला, मजूर मिळाले नाहीत, तर तुम्ही हलू शकणार नाही. सुट्टी मंजूर झालेल्या नोकरदाराला तारीख गोठवणं परवडतं. तुम्हाला दोन वर्षांत कधीही वापरा असं खुलं डिपॉझिट, किंवा दीड-दोन महिने आधीचं बुकिंग, हेच बरं. सुट्टीचा हंगाम नसेल तर शेवटी शेवटी केबिनही बऱ्याचदा मिळतात.

नाशिकरोडकर

नाशिककरांनी आणखी एक तारीख बघावी. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची अमृत स्नानं आहेत. पाहुण्यांनी घर भरलेलं असेल, रस्ते बंद असतील, मुंबई विमानतळाला वेळेत पोहोचणं कठीण होईल. जहाज कोणासाठी थांबत नाही. त्या दोन महिन्यांसाठी जहाजावर भाडं कितीही चांगलं दाखवलं तरी आम्ही बुक करणार नाही.

इंदिरानगरची_आई

आम्ही युरोपचा विचार करतोय, बार्सिलोनाहून सात रात्री. टेबलावर बुक केलं आणि नंतर व्हिसा मिळाला नाही तर?

तिकीटखिडकी

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि शेवटचे पैसे साधारण ९० दिवस आधी भरायचे असतात. या मधल्या तीन महिन्यांत अर्ज करून टाका. अपॉइंटमेंट मुंबईत घ्यावी लागेल, उन्हाळ्याच्या आधी त्या पटापट संपतात, म्हणून अर्जाची मुदत सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात मागे लागा. निकाल नकारार्थी आला आणि डिपॉझिट परत मिळणारं असेल, तर नुकसान फक्त व्हिसा फीचं. शेवटचे पैसे भरल्यावर व्हिसा नाकारला गेला तर कंपनी ते कारण धरत नाही, ठरल्या दराने कपात होते. मार्ग तपासा, मधे तुर्कस्तान किंवा ब्रिटन लागत असेल तर मल्टिपल एंट्री (बाहेर पडून पुन्हा आत येता येईल असा व्हिसा) मागावी लागेल आणि त्या देशाचे नियम वेगळे.

सातपूरवाला

शेअरवाला फायदा कोणी लिहिला नाही. कार्निव्हल कॉर्पोरेशनचे १०० शेअर असले की सहा दिवसांपर्यंतच्या क्रूझला ५०, सात ते तेरा दिवसांना १०० आणि चौदाच्या पुढे २५० डॉलर क्रेडिट मागता येतं. प्रिन्सेसही त्यांचीच. दर प्रवासाला अर्ज करावा लागतो. अमेरिकन शेअर आपल्याकडून कायदेशीर घेता येतात, पण शेअर पडला तर क्रेडिटच्या कित्येक पट जाईल, त्यामुळे ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनीच याचा विचार करावा.

द्राक्षबाग

ताई, आभार. घरी वाचून दाखवलं. मे मध्ये चार दिवस काढणं नाही जमणार, फुटींची विरळणी असते. जुलैचं सिंगापूर बघतो. जेवणाचं काय, शुद्ध शाकाहारी मिळतं का? आईलाही न्यायचा विचार आहे.

गोदाकाठची

मिळतं. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर आपल्याकडचे प्रवासी इतके असतात की भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय केलेली असते. बुकिंग करतानाच शाकाहारी म्हणून नोंद करायला सांगा आणि पहिल्या दिवशी जेवणघरातल्या मुख्य माणसाला भेटून आईंचं सांगून ठेवा. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही तेव्हाच. केबिन लिफ्टजवळची आणि जहाजाच्या मधल्या भागातली घ्या, खालच्या मजल्यावर असली तर अजून बरं, तिथे हेलकावे कमी जाणवतात. तिघांचे पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारे आहेत ना, ते आजच काढून बघा.